फॉर्म सुधारला तेव्हा लिंक का बिघडली?

प्रश्न : मी मूळचा अमळनेर तालुक्यातला. वडील सुरतेला मिलमध्ये कामाला आले आणि आम्ही इथलेच झालो. कडोदरा चौकडीजवळ माझं दुकान आहे. डाईंग-प्रिंटिंग मिलांना लागणारे सुटे भाग मी विकतो, म्हणजे स्टेंटरच्या पिन-प्लेटा, जेट मशीनची गॅस्केटं, पंपांची सीलं वगैरे. २०१५ साली एका ओळखीच्या मुलाकडून वर्डप्रेसवर वेबसाइट करून घेतली. तो मुलगा आता हे काम करत नाही. पण इचलकरंजी, जेतपूर, पाली, तिरुपूर इथल्या चौकशा मला त्या साइटवरूनच येतात.

गेल्या महिन्यात भाच्याने सगळी प्लगइनं अपडेट केली. ॲनालिटिक्सच्या प्लगइनमध्ये पूर्वी ‘लेगसी स्क्रिप्ट सपोर्ट’ अशी एक टिक असायची. अपडेटनंतर ती टिकच नाहीशी झाली. त्या दिवसापासून चौकशीच्या फॉर्मचं ‘पाठवा’ बटण दाबलं की काहीच होईना. भाच्याने एका व्हिडिओत बघून दोन ओळींचा कोड टाकला आणि फॉर्म चालू झाला. पण आता कॅटलॉगची लिंक दाबली तर पीडीएफ उघडत नाही. गंमत अशी की फॉर्म बंद होता तेव्हा हीच लिंक व्यवस्थित उघडत होती! एक दुरुस्त केलं की दुसरं का बिघडतं? प्लगइनची जुनी आवृत्ती परत टाकावी का? आणि ॲनालिटिक्समध्ये २०१५ पासूनचे आकडेही दिसत नाहीत, ते परत मिळतील का?
— एक वाचक, कडोदरा (जि. सुरत)

उत्तर : आधी तातडीचं सांगतो. साइटच्या पहिल्या पानावर दुकानाचा फोन नंबर आणि ईमेल साध्या अक्षरांत, ठळक लिहून टाका, आजच. कॅटलॉगच्या लिंकवर ‘ऑनक्लिक’ असं लिहिलेला जो तुकडा आहे तो भाच्याला पूर्ण काढायला सांगा. लिंकचा पत्ता मात्र तसाच ठेवा. एवढ्यावर पीडीएफ उघडायला लागेल. एखाद्या मिलचं मशीन गॅस्केटसाठी थांबलेलं असेल तर तिथला माणूस तुमची साइट दुरुस्त होण्याची वाट बघत बसणार नाही.

जुनी आवृत्ती परत टाकू नका. जुन्या प्लगइनमधली सुरक्षेची भोकं सगळ्यांना ठाऊक झालेली असतात आणि ती शोधत फिरणारे प्रोग्रॅम रात्रंदिवस चालू असतात. शिवाय त्या टिकेने जी स्क्रिप्ट चालू राहत होती, तिने गोळा केलेल्या माहितीला आता कोणी वाली नाही.

हे नीट कळण्यासाठी थोडं मागे जावं लागेल. गूगलने २००५ साली अर्चिन नावाची अमेरिकन कंपनी विकत घेतली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात तिचं मोजणीचं साधन ‘गूगल ॲनालिटिक्स’ या नावाने फुकट खुलं केलं. इतक्या लोकांनी नावं नोंदवली की नवी नोंदणी काही काळ थांबवावी लागली. त्या वेळी पानात ‘अर्चिन डॉट जेएस’ ही फाइल टाकायची असे. २००७च्या अखेरीस तिच्या जागी ‘जीए डॉट जेएस’ आली. पुढे ‘ॲनालिटिक्स डॉट जेएस’ आली; युनिव्हर्सल ॲनालिटिक्स म्हणतात ती हीच, आणि २०१४च्या एप्रिलमध्ये ती चाचणीच्या टप्प्यातून बाहेर पडली. २०१७ साली ‘जीटॅग’ आला आणि ऑक्टोबर २०२० मध्ये आजचं जीए-४.

तुमची साइट २०१५ची, म्हणजे ऐन बदलाच्या काळातली. तेव्हा कोणाच्या पानावर जीए डॉट जेएस होती, कोणाच्या पानावर ॲनालिटिक्स डॉट जेएस आणि बऱ्याच जणांच्या पानावर दोन्ही. प्लगइन बनवणाऱ्यांना दोन्ही सांभाळावं लागे. तुमच्याकडची ती टिक त्यासाठीच होती. पुढे १ जुलै २०२३ला गूगलने फुकट युनिव्हर्सल ॲनालिटिक्समध्ये नवी माहिती घेणं बंद केलं आणि १ जुलै २०२४नंतर तर जुने अहवाल बघायची सोयही काढून घेतली. तुमच्या साइटवर मात्र फाइल पूर्वीसारखीच उतरत होती. मोजणी कुठेच जमा होत नव्हती तरी बटणं आणि लिंका चालत होत्या, म्हणून तुमच्या लक्षात यायचं काही कारण नव्हतं. प्लगइनच्या कर्त्यांनी अखेर ती टिक काढली. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

आता मूळ कोड्याकडे येऊ. तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ म्हणजे ‘फॉर्म बंद होता तेव्हा लिंक उघडत होती’. निदानाला ती एक ओळ पुरेशी आहे.

त्या काळी साइट करणाऱ्यांना दोन सवयी होत्या. बटणावर क्लिक झालं की आधी ॲनालिटिक्सला कळवायचं आणि मग फॉर्म पाठवायचा, ही पहिली. कळवण्याचं काम ‘जीए’ नावाचं एक फंक्शन करी आणि ते मिळे त्या जुन्या स्क्रिप्टमधून. स्क्रिप्ट गेली तसं फंक्शनही गेलं. नसलेल्या फंक्शनला हाक मारली की ब्राउझर तिथेच थांबतो आणि त्या तुकड्यातल्या पुढच्या ओळी चालवत नाही. फॉर्म पाठवायची ओळ नेमकी पुढची होती. म्हणून तुमचं बटण मुकं झालं.

दुसरी सवय लिंकांची. पीडीएफच्या किंवा बाहेरच्या साइटच्या लिंकवर क्लिक झालं की ब्राउझर लगेच दुसरीकडे निघून जातो आणि मोजणी अर्धवट राहते, अशी तेव्हा भीती असे. म्हणून गूगलनेच आपल्या मार्गदर्शनात एक पद्धत दिली होती : ब्राउझरची नेहमीची उडी रोखून धरायची, क्लिकची नोंद पाठवायची, नोंद पोचली की ॲनालिटिक्सने ‘झालं’ असं उलट कळवायचं, आणि तो निरोप आला की मगच गिऱ्हाइकाला लिंकवर न्यायचं. या उलट निरोपाला ‘हिट कॉलबॅक’ म्हणतात. मिलच्या गेटवर नोंदवहीवाला बसवावा आणि ऑफिसातून ‘नोंद झाली’ असा फोन येईपर्यंत त्याने एकही ट्रक आत सोडू नये, अशी ही व्यवस्था. फोन चालू आहे तोवर कुणाला काही जाणवत नाही.

आता तुमच्याकडे काय झालं ते क्रमाने बघा. अपडेटनंतर जीए फंक्शन नव्हतं. लिंक दाबली की तुकडा पहिल्याच ओळीला अडखळून पडे, आणि ‘नेहमीची उडी रोख’ ही सूचना त्याच्या शेवटी असल्यामुळे तिच्यापर्यंत पोचतच नसे. मग ब्राउझर आपल्या स्वभावाप्रमाणे लिंक उघडून मोकळा. थोडक्यात, चुकीमुळेच लिंक चालत होती.

मग भाच्याने व्हिडिओतला कोड टाकला. त्या दोन ओळी एवढंच सांगतात, की जीए नावाचं फंक्शन नसेल तर त्या नावाचं एक रिकामं फंक्शन तयार कर. हाक मारली तर ते गप्प बसतं, चूक होत नाही. फॉर्मचं काम झालं : जीएला हाक, काही न होणं, पुढची ओळ, फॉर्म रवाना. लिंकच्या बाबतीत मात्र आता तुकडा शेवटपर्यंत चालतो, नेहमीची उडी रोखतो आणि ‘झालं’ या निरोपाची वाट बघत बसतो. रिकामं फंक्शन तो निरोप देणार कुठून?

भाच्याला दोष देऊ नका. अर्धा उपाय त्याने बरोबर शोधला होता. हाच प्रश्न जगभरच्या पानांवर इतका पसरलेला होता की जाहिराती आणि पाळत रोखणाऱ्या ‘यूब्लॉक ओरिजिन’च्या कर्त्यांना त्याची सोय करावी लागली. गूगलची खरी स्क्रिप्ट अडवताना ते तिच्या जागी एक छोटी बदली स्क्रिप्ट ठेवतात. ती काहीही मोजत नाही, पण कोणी उलट निरोप मागितला असेल तर इमानाने देते. फायरफॉक्स ब्राउझरने मार्च २०२१ मध्ये ‘स्मार्टब्लॉक’ या नावाने अशाच बदली स्क्रिप्टांची सोय आणली. पाळत बंद करायची आणि पानही मोडू द्यायचं नाही, यासाठी त्यांना एवढा खटाटोप करावा लागला.

त्यामुळे तुम्हाला तात्पुरती मलमपट्टी हवीच असेल तर भाच्याला सांगा : रिकामं फंक्शन पूर्ण रिकामं ठेवू नकोस. त्याला दिलेल्या शेवटच्या गोष्टीत हिट कॉलबॅक आहे का ते पाहायला लाव, आणि असेल तर तो लगेच चालव. तीन-चार ओळींचं काम आहे. साइटवर आणखी जुनी, जीए डॉट जेएसच्या काळातली हाक उरली असेल तर तिथे ‘जीएक्यू’ नावाच्या यादीत भर टाकलेली दिसेल. तिच्यासाठी त्या नावाची एक रिकामी यादी जाहीर केली की पुरतं. मूळ पद्धतच तशी होती : आधी यादी, मग तिच्यात सूचना, आणि स्क्रिप्ट आली की ती यादी वाचणार. वाचणारा आलाच नाही तर सूचना नुसत्या पडून राहतात.

पण ही मलमपट्टीच आहे आणि ती कायमची राहू नये असं मला मनापासून वाटतं. गिऱ्हाईक तुमच्यापर्यंत पोचण्याची वाट मोजणीच्या हातात द्यायला नको होती. तुमची साइट करणाऱ्या मुलाने गूगलचाच सल्ला पाळला होता, हे खरं. तरीही गूगलची फाइल यायला उशीर झाला, कोणाच्या ब्राउझरने ती अडवली किंवा नेट मंद असलं की दुकानाचा दरवाजा अडकावा, हे मला पटत नाही. असा अडकलेला दरवाजा गेल्या काही वर्षांत तुमच्या काही गिऱ्हाइकांनी नक्की पाहिला असेल. ते निघून गेले असतील, आणि जे निघून गेले त्यांची नोंद कोणत्याच आकड्यात नसते.

म्हणून ही सगळी जुनी हाकाहाक उपटून काढा. ती कुठे लपलेली असते हे माहीत असलं की काम सोपं. साइट संगणकावर क्रोममध्ये उघडा, एफ-१२ दाबा आणि ‘कन्सोल’ या भागात जा. मग फॉर्मचं बटण दाबा, लिंका दाबा. लाल ओळ उमटून ‘जीए इज नॉट डिफाइन्ड’ असं आलं तर उजव्या बाजूला फाइलचं नाव आणि ओळीचा आकडा असतो. चूक तिथे आहे. यासाठी भाच्याचा तो दोन ओळींचा कोड घटकाभर बंद ठेवावा लागेल, कारण तो ही लाल ओळ झाकून टाकतो. लाल ओळ सरळ घराचा पत्ता सांगते, आणि चुका झाकणारे उपाय मला एरवीही याच कारणासाठी आवडत नाहीत.

जुने तुकडे बहुधा थीमच्या ‘हेडर’ फाइलमध्ये चिकटवलेले सापडतात. काही थीमच्या सेटिंगमध्ये ‘ट्रॅकिंग कोड’ अशी एक चौकट असते, तिथेही असतात. विजेटमध्ये असतात. आणि सगळ्यात जास्त विसरले जातात ते पानांच्या मजकुरातच लिहिलेले, म्हणजे एखाद्या लिंकच्या पोटात. वर्डप्रेसच्या ‘पेजेस’च्या यादीत शोधाची चौकट आहे. तिच्यात ‘ट्रॅक इव्हेंट’ किंवा ‘ऑनक्लिक’ हे शब्द इंग्रजी लिपीत, कोडमध्ये असतात तसे जोडून टाकले तर मजकुराच्या आतलं कोडही शोधलं जातं. थीममधल्या फाइलींसाठी होस्टिंगचा फाइल मॅनेजर वापरा. काहीही बदलण्याआधी साइटचा पूर्ण बॅकअप घ्या, आणि तो होस्टिंगवर न ठेवता दुकानातल्या संगणकावर उतरवून ठेवा.

फॉर्म आणि कॅटलॉगचे क्लिक तरीही मोजायचे असतील तर जीए-४ मध्ये ‘एन्हान्स्ड मेजरमेंट’ नावाची सोय आहे. बाहेरच्या लिंकांवरचे क्लिक आणि पीडीएफसारख्या फाइलींची डाउनलोड ती आपोआप नोंदते. लिंकच्या पोटात काही लिहावं लागत नाही आणि लिंक अडवलीही जात नाही. २०१५ साली त्या मुलाने जे हाताने केलं, ते आज एका बटणावर होतं.

नवं खातं उघडण्याआधी एक पाहा. मार्च २०२३ पासून, ज्यांनी स्वतः बदल केला नाही आणि नकोही म्हटलं नाही, अशांसाठी गूगलने आपणहून जीए-४ची खाती तयार करायला सुरुवात केली होती. तुमच्या जुन्या खात्याशी जोडलेला ईमेल उघडला तर तिथे एखादं खातं आधीच तयार असेल. आणि तो ईमेल साइट करणाऱ्या मुलाचाच असेल तर मात्र त्याच्या मागे लागू नका. सरळ तुमच्या नावाच्या ईमेलवर नवं खातं काढा. यापुढे डोमेन, होस्टिंग आणि ॲनालिटिक्स, तिन्ही मालकाच्या ईमेलवर असू द्या आणि काम करणाऱ्याला त्यात प्रवेश द्या. छोट्या दुकानदारांच्या साइटा अडतात त्या बहुतेक वेळा कोडमुळे अडत नाहीत. चावी दुसऱ्याच्या खिशात असते म्हणून अडतात.

नवा टॅग एकाच ठिकाणी टाका, प्लगइनमध्ये किंवा थीममध्ये. दोन्हीकडे टाकला तर प्रत्येक भेट दोनदा मोजली जाईल आणि अचानक दुप्पट झालेले आकडे बघून आनंद होईल, पण तो खोटा असेल. तपासायचं असं : एफ-१२ मध्ये ‘नेटवर्क’ या भागात ‘कलेक्ट’ हा शब्द इंग्रजीत टाकून पान ताजं करा आणि सापडलेल्या ओळी उघडून बघा. एका पानभेटीची, म्हणजे ‘पेज व्ह्यू’ची, नोंद एकदाच दिसायला हवी. एकाच ओळखक्रमांकाखाली ती दोनदा गेली असेल तर दुसरा टॅग कुठे आहे तो शोधा. ओळखक्रमांकाची सुरुवातही बघा. ‘यूए’ने सुरू होणारा क्रमांक जुना, तो काढायचा, ‘जी’ आणि आडवी रेघ अशी सुरुवात असलेला नवा.

हे सगळं करून कॅश रिकामी करायला विसरू नका. वेग वाढवणारं एखादं प्लगइन असेल तर ते पानाची जुनी प्रत साठवून तीच दाखवत राहतं. तुम्ही दुरुस्ती करता, गिऱ्हाइकाला मात्र जुनंच पान दिसतं आणि काही सुधारलं नाही असं वाटून लोक बरोबर झालेली दुरुस्तीही उलटी फिरवतात. अशा काही प्लगइनांत स्क्रिप्ट उशिरा चालवायचीही सोय असते, आणि तीही कधी कधी मोजणी बिघडवते. तेव्हा तपासणीच्या वेळी ते प्लगइन बंदच ठेवा. मग फोनवर, वाय-फाय बंद करून, खासगी खिडकीत साइट उघडा आणि स्वतःच्या फॉर्ममधून स्वतःला एक चौकशी पाठवा. ती ईमेलवर आली पाहिजे. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला दुकान उघडल्यावर हे एकदा करायची सवय लावून घ्या.

राहिला जुन्या आकड्यांचा प्रश्न. गूगलकडचे परत मिळणार नाहीत. तुम्ही किंवा त्या मुलाने अहवाल कधी उतरवून ठेवले असतील, किंवा दर आठवड्याला ईमेलने यायची व्यवस्था केली असेल, तर ते जुन्या ईमेलमध्ये शोधा. तुमच्या होस्टिंगला सीपॅनल असेल तर त्यात ‘एडब्ल्यूस्टॅट्स’ नावाचं साधन असू शकतं. ते सर्व्हरच्या नोंदीवरून मोजतं, त्याला पानात कोणतीच स्क्रिप्ट लागत नाही, म्हणून तिथे काही वर्षांचे महिनेवार आकडे पडून असण्याची शक्यता आहे. मात्र ते ॲनालिटिक्सच्या आकड्यांपेक्षा फुगलेले दिसतील, कारण यंत्रांच्या सगळ्याच भेटी त्याला ओळखून वगळता येत नाहीत. साइट गूगलच्या सर्च कन्सोलशी जोडलेली असेल तर लोक काय शोधत तुमच्याकडे आले याची मागच्या १६ महिन्यांची माहिती तिथे मिळते.

नवे आकडे जुन्यांशी ताडून बघू नका. दोन्हींची मोजायची रीतच वेगळी आहे. जुन्या पद्धतीत मध्यरात्र उलटली की चालू भेट संपून नवी सुरू होई. जीए-४ मध्ये तसं होत नाही. ‘बाउन्स रेट’ हे नाव दोन्हीकडे आहे, पण जीए-४ मध्ये १० सेकंदांपेक्षा जास्त टिकलेली भेट बाउन्समध्ये धरत नाहीत. नव्या खात्यात ‘डेटा रिटेन्शन’ नावाची एक सेटिंग आहे. खोलवर विश्लेषणासाठी लागणारी तपशीलवार माहिती मुळात २ महिनेच ठेवली जाते. ती मुदत १४ महिने करून घ्या. हे पहिल्याच दिवशी करावं, कारण मधली गेलेली माहिती परत येत नाही.

माझ्या मते तुमच्या दुकानासाठी सगळ्यात खरा आकडा तुमच्या ईमेलमध्येच आहे. २०१५ पासून फॉर्ममधून आलेल्या चौकशा तिथे तारखेसकट पडलेल्या असतील. भाच्याला एका रविवारी बसवा आणि महिन्यागणिक किती चौकशा, कोणत्या गावाहून, कोणत्या मालाची, अशी एक्सेलमध्ये यादी करून घ्या. पालीहून गॅस्केटची मागणी कोणत्या महिन्यांत वाढते हे कोणत्याही ॲनालिटिक्सने इतक्या नेमकेपणाने सांगितलं नसतं. फॉर्म बंद होता त्या दिवसांतल्या चौकशा मात्र कुठेही सापडणार नाहीत, कारण त्या पाठवल्याच गेल्या नाहीत. नेहमीच्या गिऱ्हाइकांना एक फोन करा, साइट बिघडली होती एवढं सांगा आणि काही हवं होतं का ते विचारा.

प्रश्न : आमच्या संस्थेच्या वाचनालयाची छोटी साइट आहे. महिन्याकाठी फार लोक येत नाहीत. आम्ही ॲनालिटिक्स ठेवावं तरी का?
— एक वाचक, नंदुरबार

उत्तर : आकडे बघून तुम्ही काही ठरवणार नसाल तर ठेवू नका. कोणतं पुस्तक लोक शोधतात, वेळापत्रकाचं पान बघतात का, असं काही जाणून घ्यायचं असेल तर ठेवा. पण वाचनालयात कोण काय वाचतं ही खासगी गोष्ट आहे आणि ती परक्या कंपनीकडे जाऊ नये असं वाटणं योग्यच आहे. मटोमो नावाचं साधन (२०१८पर्यंत त्याचं नाव पिविक होतं) स्वतःच्या होस्टिंगवर बसवता येतं आणि माहिती तुमच्याकडेच राहते. देशात २०२३ साली व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झाला आहे, तेव्हा सभासदांची नावं, फोन नंबर मागणारा फॉर्म साइटवर असेल तर ती माहिती कशासाठी घेता हे त्याच पानावर साध्या मराठीत लिहा.

प्रश्न : व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकच्या शेवटी ‘यूटीएम’ असं लिहिलेली लांबलचक शेपटी असते. ती काढून लिंक पुढे पाठवली तर चालते का?
— एक वाचक, उधना (सुरत)

उत्तर : चालते. वर ज्या अर्चिन कंपनीचा उल्लेख आला, यूटीएममधला ‘यू’ तिचाच आहे. कंपनी २००५ साली गूगलमध्ये विलीन झाली, तिची स्क्रिप्ट कधीच मागे पडली, पण या खुणा आजही जगभर वापरात आहेत. लिंक कुठून पसरली, म्हणजे व्हॉट्सॲपवरून, ईमेलवरून की जाहिरातीतून, एवढं ती शेपटी साइटच्या मालकाला सांगते. पान उघडायला तिची गरज नसते. फक्त प्रश्नचिन्हानंतरचं सगळंच सरसकट कापू नका. काही साइटांवर बातमीचा किंवा वस्तूचा क्रमांक त्याच भागात असतो आणि तो गेला तर भलतंच पान उघडतं. ‘यूटीएम’ने सुरू होणारे तुकडे तेवढे काढा, आणि पुढे पाठवण्याआधी लिंक एकदा स्वतः उघडून बघा.